बाईंनी कॉम्प्युटर वाढवला

आमच्या बाईंसमोर "बंद" म्हणायची सोय नव्हती. पंखा बंद करायचा नाही, पंख्याला विसावा द्यायचा. दार बंद करायचं नाही, ओढून घ्यायचं. चहापावडर कधी संपायची नाही, ती "भरायला व्हायची". लाईट गेली की सगळी सोसायटी "गेलीऽऽ" म्हणून ओरडायची आणि आमच्या खोलीत अंधारातून बाईंचा आवाज यायचा, "बाहेर पडलीय. येईल."

आणि एवढं करून कोणाच्या तोंडून असा एखादा शब्द निसटलाच, तर टेबलाच्या खणातून स्टीलची छोटी डबी निघायची. डबीत साखर. "आ कर!" तुम्ही कोण, तुमचं वय काय, तुम्हाला डायबेटिस आहे का, याच्याशी बाईंना काही देणंघेणं नव्हतं. मीटर बघायला येणारा माणूस एकदा "काकू, तुमचा मीटर बंद पडलाय वाटतं" असं म्हणाला आणि चिमूटभर साखर चघळत परत गेला. पुढच्या वेळेपासून तो दारातूनच मोठ्यांदा "बंद, बंद, बंद" म्हणत यायला लागला, फुकटची साखर कोणाला नकोय!

बाई वधूवर सूचक मंडळ चालवायच्या. अंधेरी पूर्वेला, जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत. खोलीत दोन टेबलं, एक देव्हारा, पाहुण्यांसाठी एक बाकडं, आणि माझा कॉम्प्युटर. लोक इथे शुभ घडवायला येतात, तेव्हा इथल्या भिंतींना वाईट ऐकायची सवय लागता कामा नये, असं बाईंचं साधं म्हणणं. मी त्यांच्याशी यावरून खूप वाद घातले. एकही जिंकले नाही.

त्यात बाई मूळच्या मालवणच्या. मालवणी माणसाला राग आला की पहिला शब्द "मेल्या". प्रेम आलं तरी "मेल्या". बाईंची इथे मोठीच पंचाईत होती, कारण तो शब्द त्यांच्याच कायद्यात बसत नव्हता. पण राग तर यायचाच, आणि तो भरपूर यायचा. मग त्यांनी तोडगा काढला होता, "जगल्या." रिक्षावाला चिखल उडवून गेला की बाई पदर सावरत त्याच्या मागे ओरडायच्या, "अरे जगल्या! डोळे खंय ठेवलंस?" त्या रिक्षावाल्याला आयुष्यात कोणी इतका चांगला आशीर्वाद इतक्या वाईट तोंडाने दिला नसेल.

मी तिथे कशी लागले तेही सांगते. माझी आई माझं नाव नोंदवायला मला हाताला धरून घेऊन गेली होती. बाईंनी माझा बायोडेटा हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हा टाईप कोणी केला?"

"मीच."

"मराठीत एक पण चूक नाही! लग्नाचं मागाहून बघू. उद्या दहाला ये."

आईला वाटलं, दहाला मुलगा बघायला येणार. तिने मला साडी नेसवून पाठवलं. मी त्या साडीत दिवसभर पन्नाशीच्या आतल्या वरांची माहिती टाईप करत बसले आणि संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं की मला नोकरी लागली. माझं लग्न पुढे झालं, पण ते मी मंडळाच्या बाहेर, स्वतःचं स्वतः जमवलं. बाई जेवायला आल्या, आहेर दिला आणि जाता जाता कानात म्हणाल्या, "घरात भाकरी असून बाहेर वडापाव खाल्लास गो." अजून ऐकवतात.

आता वाढवायचं सांगते. आपल्यात नारळ फोडत नाहीत, वाढवतात. हातातली बांगडी पिचली तर ती वाढली म्हणतात. दुकानदार रात्री दुकान वाढवतो. ही रीत काही बाईंनी काढलेली नाही, आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेली आहे. बाईंनी फक्त ती कॉम्प्युटरला लावली. संध्याकाळी मी शट डाउन केलं की त्या आपल्या टेबलावरून विचारायच्या, "वाढवलास?" मी म्हणायची, "वाढवला." सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर मी घरी टीव्ही वाढवायला लागले आणि नवरा माझ्याकडे बघायला लागला.

कॉम्प्युटर बाईंच्या लेखी मंडळातला तिसरा माणूस होता. तो चालायला हळू झाला की "आज त्याचं मन नाही." स्क्रीन अडकली की "विचारात पडलाय, बोलू नकोस त्याच्याशी." ज्यांचं लग्न जमलं त्यांची माहिती मी डिलीट करायची, आणि ती जिथे जाते त्या कचऱ्याच्या डब्याला बाईंनी नाव दिलं होतं "सासर". "ती विलेपार्ल्याची फार्मसिस्ट जमली. पाठव तिला सासरी." एकदा मी सहज विचारलं, "बाई, सासर फार भरलंय, रिकामं करू का?" त्यांनी मला साखर नाही दिली. डबीच माझ्यासमोर आपटली.

आणि लग्न जमल्याचा फोन आला की बाई देव्हाऱ्यातल्या वाटीतल्या अक्षता घेऊन यायच्या आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावर, वरच्या जाळीवर टाकायच्या. मी म्हणायची, "बाई, त्याला कशाला?"

"जमवलं कोणी? तू का मी? आपण दोघी नुसत्या बोलतो. आठवण त्याच्याकडे आहे."

बाईंनी स्वतः लग्न केलं नव्हतं. येणारा प्रत्येक बाप हा प्रश्न एकदा तरी विचारायचाच, आणि बाईंचं उत्तर दर वेळी वेगळं असायचं. एकाला सांगितलं, पत्रिका हरवली. एकाला सांगितलं, हलवायाच्या दुकानातला माणूस स्वतः मिठाई खात नाही. एका फारच चिकट गृहस्थाला सांगितलं, "तुमचीच वाट बघत होते, तुम्ही उशीर केलात." तो गृहस्थ बायकोला घेऊन आला होता. बायको इतकी हसली की मुलीची नोंदणी तिनेच केली. खरं कारण मला माहीत नाही आणि मी कधी विचारलं नाही.

खोली मात्र बाईंची नव्हती. ती त्यांच्या धाकट्या बहिणीची, आणि बहिणीच्या मागे भाच्याची झाली होती. भाचा बोरिवलीला राहणारा, बँकेत कामाला, सरळ माणूस. मावशीवर त्याचा जीव होता, आणि म्हणूनच त्याच्या डोक्यात किडा शिरला होता की मावशीने आता हे सगळं सोडावं. एका गुरुवारी तो आला, बाकड्यावर बसला आणि बोलून मोकळा झाला.

"मावशी, लोक आता मोबाईलवर लग्नं जमवतात. ॲप आहेत. तुझ्याकडे येतं कोण? तू रोज गुडघे धरत येतेस, इथे बसतेस, मला बघवत नाही. हे बघ, रविवारी तुझा मेळावा आहे ना? मी येतो. स्वतः बघतो. लोकांना अजून तुझी गरज आहे असं मला वाटलं, तर एक शब्द बोलणार नाही. नाही वाटलं, तर मंडळ बंद. आणि तू माझ्याकडे राहायला."

खोलीत तो शब्द पडला. बाईंनी खण उघडला, डबी काढली, उठून भाच्यापाशी गेल्या. त्यानेही लहानपणापासूनच्या सवयीने तोंड उघडलं. पण चिमूट त्याच्या तोंडात पडलीच नाही, सगळी शर्टावर सांडली. मी खाली मान घालून कीबोर्ड पुसत बसले. मला रडू आलं होतं आणि ते त्या दोघांना दिसायला नको होतं. बाईंची ती खोली म्हणजे बाईंचं घरदार, गणगोत सगळं होतं. बोरिवलीला बाल्कनीत बसून त्यांनी काय केलं असतं? कबुतरांची लग्नं जमवली असती.

मेळाव्याची सगळी मदार कॉम्प्युटरवर. एकेक मुलगा-मुलगी स्टेजवर येणार, स्वतःबद्दल बोलणार, आणि मागे पडद्यावर त्यांचा फोटो आणि माहिती झळकणार. महिनाभर खपून मी ते तयार केलं होतं. आणि ते फक्त त्या एकाच मशीनमध्ये होतं. दुसरीकडे कुठे ठेवायला बाईंची सक्त मनाई. "लोकांनी विश्वासाने आपल्या मुलींचे फोटो दिलेत. ते ह्या कॉम्प्युटरच्या बाहेर फिरता कामा नयेत."

शुक्रवारी दुपारी मी हॉलवर खुर्च्यांचं बघायला गेले ती परत आलेच नाही, परस्पर घरी गेले. आणि शनिवारी सकाळी येऊन बटण दाबलं, तर वाट लागलेली. हिरवा दिवा लागला, आतला पंखा भर्रकन फिरला, पण स्क्रीन काळी ती काळीच. मी जे जे येतं ते सगळं केलं. प्लग काढून घातला. मागच्या वायरी घट्ट केल्या. मॉनिटरची वायर दुसरी लावून बघितली. बटण दाबून धरलं, सोडलं, परत दाबलं. देवाचं नाव घेतलं. पंखा फिरत होता, स्क्रीन ढिम्म.

बाई आल्या. मी काही बोलायच्या आधी माझा चेहरा बघूनच त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"बाई, हा..." मी थांबले. "मे" वर आलेली जीभ मी आत घेतली. "उठत नाही."

"निजू दे जरा."

"बाई, उद्या मेळावा आहे!"

त्यावर त्या खाली बसल्या. त्यांना सगळं कळलं होतं. मेळाव्यात पडदा काळा राहिला तर भाच्याला दुसरं काही बघायची गरजच उरली नसती. पण तोंडातून एक वावगा शब्द नाही. कॉम्प्युटरच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "डॉक्टरला फोन लाव."

डॉक्टर म्हणजे मरोळच्या गावठाणातला रिपेरवाला. ईस्ट इंडियन ख्रिश्चन, माझ्याच वयाचा, घरात मराठीच बोलणारा, पण त्याच्या घरी नारळ सरळ फोडतात. यापूर्वी तो एकदाच प्रिंटरसाठी येऊन गेला होता. त्याचा नियम असा की शनिवारी कोणाच्या घरी जायचं नाही, मशीन दुकानात आणून टाका, मंगळवारी बघू. मी फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत बाईंनी तो ओढून घेतला.

"मंडळातून बोलते. आमचा कॉम्प्युटर उठत नाही."

"आंटी, दुकानात पाठवा ना. मंगळवारी बघतो. होतंय काय नक्की?"

"पंखा फिरतो. बाकी शांत."

"लास्ट काय केलं होतं?"

"काही नाही केलं. काल संध्याकाळी वाढवला, एवढंच."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "वाढवला? कोणी?"

"मी."

"तुम्ही? स्वतः?"

"मग काय शेजाऱ्यांनी? एरवी ही पोरगी वाढवते. काल ती नव्हती म्हणून मी वाढवला."

"ती पण वाढवते?"

"रोज वाढवते. संध्याकाळी वाढवते, सकाळी परत लावते."

"जीझस! आंटी, किती वाढवला काल?"

"पूर्ण वाढवला. अर्धवट कसा वाढवतात?"

"आंटी, कशाला म्हणजे कशाला हात लावू नका. मी निघालो."

माझ्या कानाला तो शब्द इतका सरावला होता की यात काही विचित्र आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, काय चांगला माणूस आहे, मेळावा म्हटल्यावर धावत येतोय. मग आठवलं, मेळाव्याचं तर कोणी बोललंच नव्हतं.

चहा होईपर्यंत तो स्कूटरवरून हजर. आला तो बाईंकडे असा बघत आला की जणू त्यांनी विमान उडवलंय. "आंटी, मानलं! ह्या वयात स्वतः खोलून रॅम वाढवायची म्हणजे खायचं काम नाय. दुकानातली माझी पोरं पण नाय करत."

"राम देव्हाऱ्यात आहे," बाई म्हणाल्या. "आणि आंटी कोणाला म्हणतोस? बाई म्हण."

तो देव्हाऱ्याकडे बघून कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून मोकळा झाला आणि खाली मांडी ठोकून बसला. बटण दाबून बघितलं. "पॉवर तर येते. बोर्ड डेड असेल तर..."

"आ कर."

"काय?"

"आ कर!" साखर तोंडात पडली. त्याने माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले.

"तसं नाय, मला वाटतं मदरबोर्ड नाय गेला, फक्त..."

"गेला म्हणायचं नाही. आणि मदर तर मुळीच नाही! आ कर."

"अहो बाई, म्हणतोय की नाय गेला!"

"शब्द तर आला ना तोंडात?"

पुढच्या पाच मिनिटांत त्या माणसाने आठवडाभराची साखर खाल्ली. "जळाला" ला एक चिमूट, "उडाला" ला एक, आणि स्क्रू हातातून सुटला तेव्हा त्याच्या तोंडून जे निघालं त्याला दोन. शेवटी तो नुसता खुणा करायला लागला. मला इतकं टेन्शन, आणि तरी हसू आवरेना.

त्याने बाजूचा पत्रा काढला आणि खुणा विसरून ओरडला, "हे काय आहे?"

आम्ही दोघी वाकलो. आत तळाशी तांदूळ पसरले होते. कुंकवाने लाल झालेले, हळदीने पिवळे, काही वायरींच्या बेचक्यात, काही पंख्याच्या कडेला. इतक्या वर्षांच्या इतक्या लग्नांच्या अक्षता वरच्या जाळीतून झिरपून आत साचल्या होत्या.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्यात बिर्याणी लावायची होती काय?"

"जगल्या! अक्षता आहेत त्या."

"पण आत कशा?"

"वरून टाकल्या तर आतच जाणार ना?" बाई म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. मग जरा वाकून, हळवेपणाने आत बघत म्हणाल्या, "बिचाऱ्यावर किती लग्नांचा भार पडला."

त्याने ब्रश घेऊन त्या एकेक करून बाहेर काढल्या. बाईंनी वाटी धरली. एकही दाणा केरात जाऊ दिला नाही. मग तो रॅमच्या पट्ट्यांकडे वळला, कारण त्याच्या डोक्यात बाईंनी वाढवलेली रॅमच होती. "कुठली घातली सांगा ना, ही का ती?"

"मी काही घातलं नाही. मी वाढवला."

"हां, तेच. कशाने वाढवला?"

"माउसने. दुसऱ्या कशाने वाढवणार?"

त्याने कपाळावर हात मारला आणि दोन्ही पट्ट्या उपटून काढल्या. एकीच्या खाली, खाचेच्या तोंडाशी, तांदळाचा एक दाणा उभा अडकला होता. त्यामुळे पट्टी एका अंगाने उचलली गेली होती. माझ्याकडून त्याने खोडरबर मागून घेतला, पट्ट्यांच्या पिवळ्या कडा घासल्या, फुंकर मारली, टक्‌टक्‌ करून परत बसवल्या आणि मला मानेने खूण केली.

मी बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी. आणखी काळी. बाईंनी माझा दंड धरला होता, त्याचे वळ मला नंतर दिसले. आणि मग खालच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकली, अक्षरं धावली, आणि माझा ओळखीचा निळा पडदा उजळला! मी किंचाळले. बाईंनी वाटीतल्या अक्षता उचलून टाकायला हात वर नेला आणि रिपेरवाल्याने झेप घेऊन तो वरच्या वर धरला. "बाई, पाया पडतो! माझ्या डोक्यावर टाका, त्याच्या नको."

बाईंनी त्या खरंच त्याच्या डोक्यावर टाकल्या. तो केस झटकत म्हणाला, "पण एक समजलं नाय. ह्यात वाढवलेलं तर काहीच नाय. रॅम दोन्ही जुन्याच आहेत. तुम्ही वाढवलं काय मग?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खालीच बसले. हसू इतकं आलं की शब्द फुटेना. "अहो, वाढवला म्हणजे... वाढवला म्हणजे फक्त बंद केला हो!"

"आ कर," बाई म्हणाल्या. मी आ केला.

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "बंद केला? नुसता? आणि मला वाटलं, सत्तरीची बाई घरी बसून रोज रॅम घालते आणि काढते! म्हटलं हिला बघायलाच पाहिजे. अहो, फोनवर बंद केला म्हणाला असतात ना, तर मी सांगितलं असतं, दुकानात टाका, मंगळवारी बघतो. आणि इथे आलो असतो तरी आधी रॅमला हात नसता लावला, सरळ उचलून नेला असता."

बाईंनी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांचा आमचा वाद त्यांनी एका नजरेत निकालात काढला. मी काय बोलणार? माझ्या तोंडात साखर होती. रिपेरवाला निघताना बाईंनी त्याला विचारलं, "लग्न झालंय?" त्याने दोन पोरांचे फोटो दाखवले तेव्हा त्यांचा चेहरा जरा पडला.

रविवारी हॉल अर्ध्याहून जास्त भरला. अगदी ओसंडून नाही, खोटं कशाला बोलू? भाचा मागच्या भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा होता. मी कॉम्प्युटरपाशी. पडद्यावर फोटो येत होते, मुलंमुली बोलत होती, सगळं सुरळीत. तरी भाच्याचा चेहरा कोराच होता. मध्येच तो मोबाईल काढून बघायचा, आणि मी घाईघाईने पुढचा फोटो लावायची.

मग एक जण स्टेजवर आला. वडील एकेकाळी गिरणीत होते, हा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर, वय चाळिशीला टेकलेलं. माईक हातात घेतला आणि गप्प. पडद्यावर त्याचा फोटो हसतोय आणि खाली हा घामाघूम. मागून कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "हँग झाला रे." त्याने माईक खाली ठेवायला घेतला.

बाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत टेकत स्टेजच्या पायऱ्या चढल्या आणि त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. लोकांकडे नाही, त्याच्याकडे बघून विचारलं, "तुमच्या घरात सकाळी पहिलं कोण उठतं?"

"मी."

"का?"

"पाणी येतं ना. आईला उठायला लागू नये म्हणून."

"पाणी भरून मग?"

"चहा करतो. तिला नेऊन देतो." तो थांबला, आणि मग आपसूकच बोलत सुटला. "मग भांडण करतो. तिला डॉक्टरने गोड बंद सांगितलंय आणि ती रोज म्हणते, आज तरी चमचाभर टाक. मी नाही टाकत. मग ती रुसते. मग मी अर्धा टाकतो."

हॉल खदखदून हसला, पण आधीसारखा नाही, मायेने. तो पण हसला, आणि हसल्यावर तो पडद्यावरच्या फोटोपेक्षा कितीतरी बरा दिसत होता. बाई म्हणाल्या, "झालं. आणखी काय सांगायचं असतं? बसा." मी श्वास रोखून बघत होते. त्याने सगळ्यांसमोर "बंद" म्हटलं होतं, आणि बाईंना ते ऐकूच आलं नव्हतं. तो खाली उतरेपर्यंत तीन मुलींचे आईवडील हॉलमध्ये बसलेल्या त्याच्या आईभोवती जमले होते. मी भाच्याकडे बघितलं. मोबाईल खिशात गेला होता आणि तो भिंत सोडून पुढे येऊन एका खुर्चीत बसला होता.

संपल्यावर खुर्च्या उचलल्या जात होत्या. भाचा आला आणि कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळायला लागला. बाई उभ्याच. शेवटी तो म्हणाला, "मावशी, हा डबा मी गाडीतून नेऊन ठेवतो. पण हा आता म्हातारा झालाय. मंडळ चालू ठेवायचं तर नवीन लागेल. मी घेऊन देतो."

"काय म्हणालास?"

"नवीन घेऊन देतो."

"त्याच्या आधी काय म्हणालास?"

"मंडळ चालू ठेवायचं तर."

"परत म्हण."

"मंडळ चालू ठेवायचं, मावशी. चालू."

बाई स्टेजच्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून चक्क रडल्या. भाचा घाबरला. मी त्याला सांगितलं, रडू दे, फार दिवसांचं आहे. मी स्वतःही रडतच होते, त्यात लाजायचं काय? मिनिटभराने पदर खाली आला आणि आतून नेहमीच्या बाई बाहेर आल्या. "नवीन आणायचा तर बघून आणायचा. दुकानातून असा उचलून नाही. आपण रीतसर बघायला जाणार."

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं रिक्षातून सांताक्रूझच्या एका दुकानात गेलो. बाई मोरपिशी रेशमी साडीत. दुकानातल्या तरुण विक्रेत्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि एक मशीन पुढे करून त्याचे गुण सांगायला लागला. बाईंनी हात वर केला.

"थांबा. मी विचारते. तापट आहे का?"

विक्रेता गोंधळला. "म्हणजे... तापतो का? नाही काकू, कूलिंग चांगलं आहे."

"आवाज चढवतो?"

"अजिबात नाही. एकदम शांत."

"माणसांत राहिलाय का? आमच्याकडे सारखी येजा असते."

आता पोराला गंमत कळली. तो हात जोडून गंभीरपणे म्हणाला, "खूप मनमिळाऊ आहे काकू. कोणाशीही जमवून घेतो."

"याआधी कुठे बोलणी झाली होती?"

"नाही नाही, पहिलंच स्थळ."

भाचा तोंडावर हात ठेवून गदगदत होता. बाईंनी उठून मशीनभोवती एक फेरी मारली, त्याच्या पाठीवर हात ठेवून बघितलं. "आम्ही कळवतो," म्हणाल्या आणि चालत्या झाल्या. आम्ही दोघं त्यांच्या मागे.

"अगं मावशी, चांगला होता की!" भाचा बाहेर आल्यावर म्हणाला. "मग घ्यायचा की नाही? नाही आवडला का?"

बाई फुटपाथवर थांबल्या. मागे दुकानाच्या काचेतून तो विक्रेता मान लांब करून आमच्याकडे बघत होता. एवढ्या वर्षांत त्यांनी शेकडो जणांना विचारलं असेल, पसंत आहे का? स्वतः त्या तो शब्द कधी उच्चारत नसत. मुलगा कितीही चांगला असो, म्हणायच्या, तो शब्द आपला नाही, ज्याचा त्याने बोलायचा. आता त्या काही बोलायला गेल्या आणि थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"पसंत आहे गो मला," बाई म्हणाल्या, आणि भर रस्त्यात लाजल्या.